एका सीटची गाडी

“इंजिनात काय बघालायस? ते उद्या काढून दुसरं बसवता येतंय. सांगाडा बघ.”

बाबालालचाचांनी असं म्हटल्यावर मी उघडलेलं बॉनेट मुकाट्यानं मिटलं. कोल्हापूरच्या मार्केट यार्डामागं एका जुन्या गाड्यांच्या दलालाच्या आवारात आम्ही दोघं सकाळपासून गाड्या बघत होतो. मला पहिलीच पसंत पडली होती. काळीभोर, चार वर्षांची, मागं पंख लावलेली. चाचांनी तिच्या चारी दारांच्या फटींतून करंगळी फिरवली आणि हात पुसत म्हणाले, “ही उलटलेली हाय. वरनं नुसता रंग मारलाय.”

दलालानं आईची शपथ घेतली.

“घे की,” चाचा म्हणाले, “आई तुझी हाय.”

दुसऱ्या गाडीचं पायाखालचं मॅटिंग त्यांनी उचललं, खालचा पत्रा बोटानं दाबला आणि बोट आरपार गेलं. तिसरी होती पांढरी एस्टीम. अकरा वर्षांची, गडहिंग्लजच्या एका डॉक्टरांनी वापरलेली. डावीकडं पोचा पडलेला, रंग पिवळट, आत औषधाचा वास. चाचा तिच्याखाली पाठीवर सरकले. पंधरा मिनिटं त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाहेर आल्यावर त्यांनी छतावरून, खांबांवरून, दारांच्या कडांवरून सावकाश तळवे फिरवले. गाडी हातानं बघायची त्यांची ही रीत मला फार आवडायची. मुरलेला मिस्त्री असाच असतो, असं मला वाटायचं.

“हीच,” ते म्हणाले.

“पण चाचा, दिसायला जरा...”

“लगीन करायचंय काय हिच्याशी? रेसला घ्यायची हाय न्हवं? मग सरळ हाडाची घ्यायची. हिला आयुष्यात कुणी जोरात पळवलेली न्हाई बघ. डॉक्टर माणूस. तीसच्या वर गेला नसंल.”

परत येताना एस्टीम मी चालवत होतो आणि चाचा शेजारी बसले होते. “आज बसून घेतो,” ते म्हणाले. “उद्या पयली ही शेजारची सीटच काढणार हाय मी.”

हे दोन हजार आठ सालच्या ऑगस्टमधलं. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो. उद्यमनगरात माझं पॅटर्न शॉप होतं. कारखान्यांना लोखंडाचं ओतकाम करायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना लागतो, तो आम्ही बनवायचो. तीन वर्षांपूर्वी मुलीला पुण्यात कॉलेजला प्रवेश मिळाला आणि तिच्या सोबतीला म्हणून माझी बायको सुमेधा तिकडं गेली. पहिल्या वर्षी दर शनिवारी यायची. मग तिला तिथल्या एका शाळेत नोकरी लागली. भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर ते मिटवायला तरी मी पुण्याला गेलो असतो. दर रविवारी फोन यायचा, ‘जेवलास का?’ म्हणून विचारायची आणि मी ‘हो’ म्हणायचो. पाच वाजता शॉपला कुलूप लावलं की झोप येईपर्यंतचे पाच-सहा तास माझ्या अंगावर यायचे. मी विनाकारण घरातले पंखे पुसत बसायचो.

गाडीची हौस कॉलेजपासूनची, हे खरं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी कोइम्बतूरच्या ट्रॅकवर हौशी चालकांसाठी रेस आहे, हे एका मासिकात वाचून मी चाचांकडं गेलो, हेही खरं. त्यांचं यादवनगरात गॅरेज होतं, मागंच घर. वय सहासष्ट. तरुणपणी मद्रासकडं एका श्रीमंत रेसरच्या पदरी चाकं बदलायला होते. माझं बोलणं ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“जिंदगीभर दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं बदलली भूपाल. एक गाडी, पयल्या नटापासनं माझ्या हातची, ट्रॅकवर पळताना बघायची हाय. तेवढं दाखवणार असशील तर बांधूया.”

“दाखवतो की,” मी म्हणालो. किती सहज म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून माझं आयुष्यच बदललं. साडेपाचला मी यादवनगरात हजर. रेसच्या गाडीतून पळायला न लागणारं सगळं बाहेर काढायचं असतं. सीटा, गालिचे, छताचं अस्तर, एसी, टेप, दारांच्या आतले पुठ्ठे. तळाच्या पत्र्यावर आवाज दाबायला डांबराचे थर असतात, तेसुद्धा आम्ही चार संध्याकाळी पटाशीनं खरवडून काढले. मागची सीट चाचींनी व्हरांड्यात मांडून घेतली. चाचींचं नाव हमीदा. ठेंगण्या, कडक बोलणाऱ्या. त्या सीटवर बसून त्या मेथी निवडायच्या आणि मी आलो की सरकून जागा करायच्या. “बसा भूपालशेट. च्या घ्या. हितं तरी पाठीला टेकू हाय.” घरी माझी पाठ टेकायला चार खुर्च्या होत्या, पण असं कुणी म्हणत नव्हतं.

मग पिंजरा आला. गाडी उलटली तर चालक चेपू नये म्हणून आतून पोलादी पाइपांचा पिंजरा बसवतात. पाइप कुठं आणि कसे वाकवायचे याचे लाकडी नमुने मी करतो म्हणालो. माझाच धंदा तो. आठ दिवस खपून सुरेख नमुने केले, पाइप वाकवून आणले, आणि गाडीत घालायला गेलो तर एकही बसेना. प्रत्येक पाइप सेंटिमीटरभर लांब.

चाचांनी दोनदा लावून बघितला आणि गाडीच्या रिकाम्या तळावरच मांडी घालून बसले. “भूपाल, मोजलंस कशानं?”

मी खिशातली पट्टी काढली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आम्हा पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच वाढीव असते. मीटरला दहा मिलिमीटर जास्त. वीस वर्षं तीच पट्टी खिशात होती. वाकवलेले पाइप काही आकसत नाहीत, हे माझ्या हाताला कोण सांगणार?

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “हमीदा, ऐकलं काय? हेनं गाडी लोखंड आकसणार म्हणून मोठी शिवली! पोरगं वाढतंय म्हणून ढगळ कपडे शिवल्यागत!”

पुन्हा सगळं मोजण्यात, वाकवण्यात दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत चाचांनी मला रोज चिडवलं, चाचींनी दोनदा जेवायला थांबवून घेतलं, माझ्यासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळी भाजी केली. मी आयुष्यात इतका सुखी क्वचितच होतो. आपल्या चुकीनं काम लांबतं आणि काम लांबलं की दिवस बरे जातात, ही गोष्ट तेव्हा माझ्या मनात कुठंतरी बसली असणार.

चाचांची एक रीत होती. बोल्ट शेवटचा आवळला की खिशातून चाचींच्या नेलपॉलिशची बाटली काढायची आणि बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. रेघ सरळ असेल तर त्या बोल्टाकडं पुन्हा बघायचं नाही. एस्टीमवर अशा चारेकशे गर्द तांबड्या रेघा होत्या. मोजमापं मात्र ते मला वाचायला लावायचे. “तू वाच. शिक जरा,” म्हणायचे. पिंजऱ्याच्या आडव्या पाइपावर त्यांचं डोकं रोज आपटायचं. मी म्हणायचो, “चाचा, त्या पाइपाला तरी सोडा.” ते हसायचे.

डिसेंबरच्या मध्यावर इंजिन सुरू झालं. गल्लीतली माणसं गोळा झाली. आत एकच सीट, माझ्या मापानं सुतळीनं मोजून बसवलेली. बाकी सगळी पोकळी आणि पाइप. चाचा म्हणाले, “आठ दिवसांत तयार. जानेवारीच्या पाच तारखेला सकाळी टेम्पोत चढवायची.”

चाचींनी कपबशा गोळा केल्या. “चला, म्हणजे पुढच्या आठवड्यापासनं दोनच कप च्या टाकायचा.”

त्या काही मुद्दाम बोलल्या नव्हत्या. पण घरी जाईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पंचवीस डिसेंबर, सव्वीस डिसेंबर, सत्तावीस. साडेपाच वाजलेत आणि मी पंखे पुसतोय.

पुढचं सांगायला मला आजही लाज वाटते. गिअरबॉक्सच्या बगलेला सहा बोल्टांचं एक झाकण असतं. सूर्य मावळला की चाचा मगरीबच्या नमाजाला आत जायचे आणि दहा मिनिटं मी गाडीपाशी एकटा असायचो. त्या दहा मिनिटांत मी गाडीखाली शिरून त्यातले दोन बोल्ट अर्धा फेरा सैल केले. चाचांच्या रेघा आधी थिनरनं पुसल्या आणि नंतर नव्या ओढल्या. चाचांची बाटली त्यांच्या खिशात असायची, म्हणून मी दुपारीच महाद्वार रोडवरून एक विकत आणली होती.

“कुणासाठी दादा? वय काय त्यांचं?” दुकानातल्या मुलीनं विचारलं.

“बायकोसाठी,” मी म्हणालो. सुमेधानं नखाला रंग लावलेला मी कधी बघितला नव्हता. मला रंगही नीट आठवेना. गर्द तांबडा म्हणून जो घेतला तो बाहेर उन्हात गुलाबीकडं झुकत होता.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली तेल. चाचांनी बोल्टांच्या रेघा तपासल्या, त्या सरळ होत्या, म्हणून त्यांनी दोष आतल्या सीलवर टाकला. सबंध गिअरबॉक्स उतरवायला, सील बदलायला आणि पुन्हा चढवायला चार दिवस लागले. काम संपायच्या वेळी मी गुपचूप बोल्ट आवळून टाकले आणि तेल थांबलं. चार दिवसांनी पुन्हा सैल केले. असं तीनदा. रेस बुडवायचा माझा विचार नव्हता, खरंच नव्हता. फक्त पाच तारखेपर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी मला पाहिजे होत्या.

चार तारखेला संध्याकाळी, चाचा नमाजाला गेले तेव्हा मी शेवटचा गाडीखाली गेलो. आता बास, म्हणालो, कायमचं घट्ट करून टाकू. अपराध्यासारखं वाटत असल्यानं असेल, मी लांब दांड्याचा पाना घेतला आणि अंगातला सगळा जोर लावला. घाईघाईनं रेघा ओढल्या आणि बाहेर आलो.

पाच तारखेला सकाळी सातला टेम्पो दारात उभा होता आणि गाडीखाली तेलाचं थारोळं.

चाचा बॅटरी घेऊन खाली सरकले. मीही शेजारी सरकलो. बॅटरीचा झोत थेट त्या झाकणावर पडला होता आणि माझं पाप तिथं उघडं होतं. चार बोल्टांवर चाचांच्या गर्द रेघा आणि दोनांवर माझ्या गुलाबी, फताड्या, एक तर बोल्टाच्या बाजूलाच गेलेली. पोराला दिसलं असतं. मी डोळे मिटून घेतले.

चाचांनी प्रत्येक बोल्टावरून बोटाचं टोक फिरवलं. “रेघा तर जागच्या जागी हायत,” ते म्हणाले.

मी डोळे उघडले. त्यांचा चेहरा झाकणापासून वीतभर अंतरावर होता. ते माझ्या रेघांकडंच बघत होते आणि त्यांना त्या दिसत नव्हत्या.

मग त्यांनी पाना लावला. बोल्ट नुसताच गरगर फिरला. गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या आवरणातला आटा पार गेला होता. “आटा गेलाय,” ते हळूच म्हणाले. “माझ्याच हातनं जादा आवळला गेला असणार. आता हाताचा अंदाज ऱ्हायला न्हाई बघ माझा.” बाहेर आल्यावर त्यांनी टेम्पोवाल्याला परत पाठवलं. नवं आवरण पुण्याहून यायला आठवडा लागणार होता. पुढची रेस जुलैत. “जुलै तर जुलै,” म्हणून ते दारातल्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो. चाची ओट्यापाशी उभ्या होत्या.

“चाची, चाचांच्या डोळ्यांना काय झालंय?”

त्यांनी आधी दाराकडं बघितलं. “शपथ घातलीया मला. काचबिंदू हाय. मिरजंच्या डॉक्टरांनी दोन वर्षांमागं सांगितलं. गेलेली नजर परत येत न्हाई म्हणे. आता नळीतनं बघितल्यागत दिसतंय, नुसतं समोरचं, आणि ते बी धुरकट.”

“आणि जुलैत?”

“उन्हाळा निघंल का बघा, डॉक्टर म्हणालेत.” त्यांनी गॅस बारीक केला. “तुम्हाला सांगू नको म्हणाले तुमचे चाचा. भूपालला कळलं तर तो गाडीत बसायला भ्यायचा, म्हणाले. गाडी तेवढी पळताना बघतो, मग जाऊ दे म्हणाले डोळं.”

मी तो पाण्याचा पेला तसाच ओट्यावर ठेवला. त्या माणसाकडं मोजके दिवस होते आणि त्यातले तीन आठवडे मी चोरले होते, चहा प्यायला. मला त्या वेळी ओरडून सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं तर उद्यापासून इथं यायचं बंद होईल, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात हेच आलं.

मी एवढंच केलं की कोइम्बतूरला फोन लावत राहिलो. रेस नव्हती, पण फेब्रुवारीत एका शनिवारी सरावासाठी ट्रॅक खुला असणार होता. कुणीही आपली गाडी आणावी आणि पळवावी. चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “सराव तर सराव. पळणार न्हवं? झालं तर मग.”

गाडी टेम्पोत आणि आम्ही तिघं माझ्या व्हॅनमधून मागं, असे दीड दिवसात पोचलो. वाटेत चाचा माझ्या शेजारी बसून ब्रेक कुठं दाबायचा, पाय कधी काढायचा, हे परत परत सांगत होते. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली की चाची मागून बाटली पुढं करायच्या आणि ते ‘धूळ गेलीया’ म्हणून घालून घ्यायचे.

ट्रॅकवर सात गाड्या होत्या. त्यांतली आणखी एक पांढरी एस्टीम, बंगळूरच्या एका इंजिनिअरची. आमच्या दारावर सत्तावीस आकडा होता, त्याच्यावर एक्केचाळीस. ऊन चांगलंच तापलं होतं. सरळ रस्त्याच्या कडेला कमरेएवढी भिंत होती. तिथं चाचा उभे राहिले, दोन्ही हात भिंतीवर ठेवून, मान थोडी पुढं काढून. चाची त्यांच्या मागं पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या.

मी आत बसलो. पट्टे आवळताना चाचांचा हात माझ्या खांद्यावर होता. दार लागल्यावर आत फक्त इंजिनाचा आवाज आणि माझा श्वास होता. कुणाशी बोलायची सोय नाही, कुणी शेजारी नाही. एवढा एकटा मी घरीसुद्धा कधी नव्हतो.

दोन फेऱ्या वळणं समजून घेण्यात गेल्या. तिसऱ्या फेरीला मी सरळ रस्त्यावर आलो, लांबून भिंतीवरचा पांढरा शर्ट दिसला, आणि मी पाय काढला. त्यांच्यासमोरून गाडी अगदी सावकाश नेली. पुढच्या फेरीलाही तसंच. त्याच्या पुढच्या फेरीला चाचांनी दोन्ही हात हलवून मला आत बोलावलं.

“काय बिघडलं?” त्यांनी खिडकीत डोकं घालून विचारलं.

“काही नाही.”

“मग हळू का केलीस?”

मी हेल्मेट काढलं. “तुम्हाला दिसावी म्हणून.”

चाचांचा चेहरा बदलला. त्यांनी मान वळवून चाचींना शोधलं. चाची दुसरीकडं बघत होत्या.

“उभी गाडी पाच म्हैनं बघितली मी,” चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “पळताना बघायची म्हणून एवढ्या लांब आलो. आणि तू माझ्यासमोरनं वरात काढल्यागत न्हेलीस? दया करालायस माझ्यावर?”

“चाचा, गिअरबॉक्स तुमच्या हातून गेला नव्हता.”

“आं?”

मग मी सगळं सांगितलं. बोल्ट, रेघा, बाटली, तीनदा केलेलं काम, नमाजाची वेळसुद्धा. शेजारून गाड्या जात होत्या, त्यामुळं मला ते जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. सांगून झाल्यावर मी मान वर केली नाही.

“कशापायी?” त्यांनी विचारलं.

“गाडी झाली असती तर संध्याकाळी मी कुठं गेलो असतो?”

मला वाटलं आता हा माणूस वळून निघून जाईल, आणि जायला पाहिजेच. त्यांनी टपावर एक जोराची थाप मारली, इतकी की मी दचकलो.

“अरं मर्दा, माझ्या दारात यायला काय गाडीच लागती व्हय?”

मला रडू आवरेना. त्रेचाळीस वर्षांचा घोडा मी, त्या पिंजऱ्यात पट्ट्यांनी बांधलेला, रडत बसलो. चाचांनी हेल्मेट उचलून माझ्या डोक्यावर दाबलं.

“घाणेरडं काम केलंस. त्याचं नंतर बघतो. आता टायर गरम हायत तवर जा. आणि माझ्याकडं बघायचं न्हाई. पाय काढायचा न्हाई.”

त्यानंतर मी अकरा फेऱ्या मारल्या. त्या वेगात भिंतीकडं बघता येत नाही, पुढचं वळण अंगावर येत असतं. चाचा दर फेरीला माझ्या उजव्या खांद्यापासून दहा फुटांवर होते आणि मी त्यांना एकदाही बघितलं नाही. मी चांगली चालवली, पण फार चांगली नाही. एका लाल गाडीनं मला दोनदा मागं टाकलं. मी कुणालाच मागं टाकलं नाही.

गाडी आत घेऊन उतरलो तेव्हा चाचा भिंतीपासून चालत येत होते, एक हात चाचींच्या खांद्यावर. त्यांचा चेहरा लाल झाला होता. हसताना सगळे दात दिसत होते.

“काढलीस की रं!” ते लांबूनच ओरडले. “त्या लाल गाडीला! वळणाच्या तोंडाला, आतल्या अंगानं! मी बघितलं! पांढरी गाडी अशी आली, आणि अशी आतनं...” त्यांनी तळहात तिरका करून हवेत फिरवला. “हमीदा, बघितलंस न्हवं तू?”

पलीकडं बंगळूरच्या त्या इंजिनिअरच्या पाठीवर त्याचे मित्र थापा मारत होते. लाल गाडीचा चालकही हसत हसत त्याच्याशी हात मिळवत होता. एक्केचाळीस नंबरची पांढरी एस्टीम त्यांच्या मागं उभी होती.

चाची माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी अकराच्या अकरा फेऱ्या नीट बघितल्या होत्या.

“बघितलं की,” त्या म्हणाल्या.

चाचांनी माझे दोन्ही खांदे धरले. “कितव्या गिअरला होतास रं तिथं?”

“चौथ्या,” मी म्हणालो.

मे महिन्यात चाचांची नजर गेली. मी जातच राहिलो. त्यानंतर नऊ वर्षं, ते असेपर्यंत, रोज साडेपाचला मी यादवनगरात असायचो. गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली होती, ती मी पुन्हा कधी ट्रॅकवर नेली नाही. बोल्टांचा विषय चाचांनी परत काढला नाही. पण गॅरेजमध्ये कुणी नवं माणूस आलं की ते त्याला बसवून घ्यायचे आणि लाल गाडीची गोष्ट सांगायचे. चाची तेवढ्यात काही ना काही काम काढून आत जायच्या. शेवटी चाचा माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करायचे.

“आता भूपाल, तू सांग. आतनं कसं दिसत हुतं?”

मग मी सांगायचो. लाल गाडीचा मागचा दिवा कसा जवळ येत गेला, ब्रेक मी किती उशिरा दाबला, आतून जागा कशी दिसली. इतक्यांदा सांगितलं की तो दिवा मला आता खरोखर दिसतो. तरी माझ्याकडून कधीतरी चूक व्हायची, डावं वळण उजवं व्हायचं, आणि चाचा मला लगेच थांबवायचे.

“तसं न्हवतं ते. मी बघत हुतो न्हवं?”

“हो चाचा,” मी म्हणायचो. “डावंच होतं.”